ठकी निजली

त्यांना सगळे पेटीमास्तर म्हणायचे, आणि नवख्या माणसाचा त्यात हमखास घोटाळा व्हायचा. कारण मास्तरांच्या पेट्या दोन. एक चर्चमधली पायपेटी. दर रविवारी दोन्ही पायांनी भाता मारत ते ती वाजवायचे आणि उंच सुरात जाणाऱ्या बायकांना डोळ्यांनीच खाली ओढून आणायचे. दुसरी पेटी ते स्वतःच्या हातांनी बनवायचे. ती एकदा मातीत गेली की परत कुणाच्या नजरेला पडत नसे. कुणी अनोळखी माणूस कारखान्याच्या दारात उभा राहून "मास्तर, पेटीचं काम होतं" असं म्हणाला, की मास्तर हातातला रंधा थांबवून अगदी गंभीरपणे विचारत, "वाजवायची की पुरायची?"

मूळचे ते साधे सुतार. टेबलं, कपाटं, खिडक्या, काय म्हणाल ते करत. पुढे लोक दुकानातून तयार कपाटं आणायला लागले. खुर्च्यासुद्धा खोक्यातून यायला लागल्या, घरी आणून स्क्रू पिळले की झालं. मास्तरांकडे उरली ती शवपेट्यांची कामं. त्यांनी कधी कुरकुर केली नाही. उलट म्हणायचे की कपाट करून दिलं की लोक महिनाभरानं दार नीट लागत नाही म्हणून भांडायला येतात. या कामात तक्रार येत नाही.

थट्टा त्यांचीही खूप व्हायची. मास्तर नुसत्या नजरेनं माप घेतात, त्यांच्यासमोर ताठ उभं राहू नये, असं गल्लीत बोललं जाई. पाववाला तर ते समोरून येताना दिसले की मुद्दाम गुडघ्यात वाकून चालायचा. म्हणायचा, "आमचं माप चुकू दे मास्तर, तेवढीच चार वर्षं जास्त मिळतील."

पण पाववाल्याची आई गेली तेव्हा त्याच पाववाल्यानं पाहिलं की मास्तर पेटीची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा जास्त वेळ घासतात. कानसेनं घासतात, पॉलिशपेपरनं घासतात, आणि मग डोळे मिटून आतून सगळीकडे तळवा फिरवतात. लग्न होऊन नवीन आलेल्या मास्तरीणबाईंनीही एकदा विचारलं होतं, की आत एवढं गुळगुळीत करून बघणार कोण आहे. मास्तर म्हणाले होते, "निरोप देताना घरातल्या बाईचा हात आतून फिरतो. तिला कुसळ टोचायला नको." त्या दिवशी मास्तरीणबाईंना वाटलं की आपल्याला बरा नवरा मिळाला. तोवर त्यांची खात्री नव्हती.

मास्तरांचं काम पेटी पोचवून संपत नसे. ज्या घरात दुःख असेल तिथे ते सकाळीच जाऊन बसत. खुर्च्या लावत, पाणी भरत, दारात चपलांचा ढीग झाला की जोड्या लावून ठेवत. आणि घरातलं माणूस मोडून पडलं की त्याच्या शेजारी बसून म्हणत, "निजलाय तो. उठेल."

हा त्या मंडळींचा शब्द होता. त्यांच्या चर्चमध्ये कुणी मरत नसे, वारत नसे, कुणाला देवाज्ञा होत नसे. माणूस प्रभूमध्ये निजायचा. दफनभूमीतल्या दगडांवर तेच कोरलेलं, पाळकांच्या तोंडी तेच. रोजच्या बोलण्यात 'प्रभूमध्ये' गळून पडलं होतं आणि नुसतं 'निजला' उरलं होतं. मास्तर तो शब्द अशा खात्रीनं म्हणत, की ऐकणाऱ्याला वाटावं, हे आत्ताच त्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालून आलेत. मरण म्हणजे मधली एक रात्र, सकाळ ठरलेली आहे, मग रात्र आहे तोवर जे जागे आहेत त्यांनी एकमेकांना हात द्यायचा, एवढंच त्यांचं सगळं धर्मज्ञान होतं. त्यावर ते आयुष्यभर तगून होते.

मास्तरीणबाईंचाही विश्वास होता, पण त्याला काळजीची जोड होती. काळजी करणं हा त्यांचा जोडधंदाच म्हणा ना. एकुलती एक लेक ठकी. ती शाळेतून यायला जरा उशीर झाला की या खिडकीत. ती पोहायला शिकली तेव्हा या काठावर टॉवेल घेऊन, आणि तिच्याऐवजी यांच्याच छातीत धडधड. पुढे ठकीनं नर्स व्हायचं ठरवलं तेव्हा मास्तरांचा चेहरा आनंदानं पायपेटीच्या वरच्या सप्तकासारखा झाला. मास्तरीणबाई मात्र म्हणत राहिल्या की एखाद्या ऑफिसात बस, पंख्याखाली बस, कागदांना ताप येत नाही.

तरी ठकी नर्स झाली. आणि मग शहराच्या खालच्या भागात पाण्यातून टायफॉइड पसरला, इस्पितळात वेगळा वॉर्ड उघडला, आणि तिथे कोण जाईल असं विचारल्यावर ठकीनं हात वर केला. घरात त्यावरून जुंपली. मास्तरांनी शांतपणे सांगितलं की प्रभूनं आपल्या मित्रांचे पाय धुतले, आपली लेक रोग्यांचं अंग पुसायला जाते आहे, तिला नको कुठल्या तोंडानं म्हणायचं?

"पाय धुतले," मास्तरीणबाई म्हणाल्या, "टायफॉइडच्या चादरी नव्हत्या धुतल्या. आणि धुतल्या असत्या तर त्याच्या आईला काय वाटलं असतं, ते विचारायला कुणी गेलं नाही."

ठकी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. हसून झाल्यावर तिनं आईच्या गळ्यात हात टाकले, आणि दुसऱ्या दिवशी गेलीच.

ती महिनाभरानं घरी आली ती तापानं फणफणून.

वॉर्डात जागा नव्हती, आणि असती तरी मास्तरीणबाईंनी तिला तिथे ठेवलं नसतं. डॉक्टर घरी येऊन बघून जात. पण ताप उतरेना. दुसरा आठवडा उलटला तशी ठकी बरळायला लागली. डोळे टक्क उघडे. झोप म्हणून नाही. छताकडे बघत वॉर्डातलंच बोलायची. कुणाला सांगायची चादर बदला, कुणाला म्हणायची, आजोबा, तोंड उघडा, अजून एकच घास. मास्तरीणबाई तिच्या ओठाला चमचा लावायच्या आणि ती तो हातानं दूर सारून म्हणायची, आधी त्यांना. डॉक्टरांनी जाताना सांगितलं होतं, की नव्या औषधानं झोप लागली तर आपण सुटलो असं समजा. नाही लागली तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर कारखान्यात जायला निघाले, तेव्हा त्यांच्याकडे वॉर्डातून निरोप आलेला होता. कुणी एक जण गेला होता, त्याची पेटी हवी होती. ते हत्यारांची पिशवी खांद्याला लावत होते. मास्तरीणबाई स्वयंपाकघरात दूध ढवळत होत्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, केस दोन दिवस विंचरलेले नाहीत. त्यांच्या तोंडून जे निघालं ते त्यांनी ठरवून म्हटलेलं नव्हतं.

"जा. करा. आणि एक जास्तीची करून ठेवा. घरातच लागेल."

मास्तर दारात क्षणभर थांबले. रोज ते उंबऱ्यावरून 'येतो गं' म्हणत. त्या दिवशी काही न बोलता गेले.

दुपार झाली. मास्तरीणबाई खाटेशी बसल्या होत्या आणि बसल्या जागी त्यांना डुलकी लागली असावी, कारण दचकून जाग आली ती शांततेनं. बरळणं थांबलं होतं. त्यांनी ठकीच्या मानेखाली हात घातला, तर मान घामानं चिंब, आणि गार. छान गार. तापानंतर अंग निवतं तसं गार. पापण्या मिटलेल्या. छाती संथ वरखाली होत होती, आणि थोड्याच वेळात नाकातून एक लांब, ओळखीचा, घरातल्याच दुसऱ्या एका माणसासारखा आवाज सुरू झाला. मास्तरीणबाईंनी तिचे ओले कपडे बदलले, उशी उलटी केली, तरी पोरीनं कूस बदलली नाही. त्या जमिनीवर बसल्या आणि खाटेच्या पायाला डोकं टेकवून राहिल्या. प्रार्थना करायची होती, पण शब्द सापडेनात. मग तशाच बसून राहिल्या.

तेवढ्यात पाववाली वहिनी पाव द्यायला आली. मास्तरीणबाई तिला दारातच अडवून कुजबुजल्या, "ठकी निजली. जाता जाता चर्चमध्ये सांगा, तिथे सगळे तिच्यासाठी प्रार्थना करतायत. आणि ह्यांनाही कळवायला सांगा. म्हणावं, आता काळजी नको."

पाववाली वहिनी आनंदानं निघाली. पाळक दुसऱ्या गावी गेले होते. चर्चच्या दारात भेटले ते घड्याळकाका. घंटा वाजवायचं काम त्यांचं. कधी पुढेमागे झाली नाही म्हणून ते नाव पडलं होतं. त्यांचं आणि वहिनीचं काय बोलणं झालं ते नंतर दोघांनीही अनेकदा सांगितलं, आणि नवल म्हणजे दोघांच्या सांगण्यात एका शब्दाचाही फरक नव्हता.

"ठकी निजली," वहिनी म्हणाली.

काकांनी टोपी काढली. "केव्हा?"

"आत्ताच. आईच्या हाताशी."

"त्रास झाला?"

"छे. अगदी लहान बाळासारखी. ताप गेला, बडबड गेली, सगळं शांत."

"आणि आई?"

"आई किती धीराची! म्हणाली, सगळ्यांना सांगा, आता काळजी नको. मास्तरांना तेवढं तुम्ही सांगाल ना? माझं दुकान उघडं आहे."

काका हो म्हणाले. ते कारखान्यात गेले, मास्तरांचे दोन्ही हात धरले आणि एवढंच बोलले, की ठकी निजली. मग परत येऊन त्यांनी घंटेचा दोर धरला आणि मोठमोठ्या खंडानं, एकेक टोला सुटा सुटा, दुःखाची घंटा दिली.

मास्तरीणबाईंनी ती घरात ऐकली. पहिल्या टोल्याला त्यांच्या मनात आलं, बिचारं कुणाचं घर असेल. दुसऱ्या टोल्याला आलं, आमचं नाही. आणि आपल्याला त्याचं इतकं बरं वाटावं याची लाज वाटून त्यांनी त्या अनोळखी घरासाठी मनापासून प्रार्थना केली. मगाशी न सापडलेले शब्द आता भराभर आले.

थोड्या वेळानं दार वाजलं. गायनमंडळातल्या तिघी, पुढे चष्मेवाली मावशी. चष्म्याचं दुकान तिचं, पण स्वतःचा चष्मा कायम डोक्यावर. तिघींचे डोळे लाल. मास्तरीणबाईंनी ओठावर बोट ठेवलं.

"हळू हं. आत्ताच निजली."

मावशीला हुंदका आवरेना. तिनं मास्तरीणबाईंना मिठी मारली. एवढं प्रेम आहे का हिचं आपल्या पोरीवर, या विचारानं मास्तरीणबाईंनाही भरून आलं. तिघींनी पडद्याआडून पाहिलं. खोली अंधारी केलेली. ठकी नेमकी तेव्हा भिंतीकडे तोंड करून, चादर गळ्यापर्यंत ओढून, आवाज न करता पडली होती.

"किती शांत दिसते," मावशी म्हणाली.

"हो ना. इतक्या दिवसांनी."

"सुटली बाई त्रासातून."

"सुटली. मीही सुटले, खरं सांगायचं तर. आता मी पण जरा आडवी होईन म्हणते."

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. मावशीनं मास्तरीणबाईंच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, की मास्तरांना कळलं का. मास्तरीणबाई म्हणाल्या, निरोप गेलाय, येतीलच.

"ते स्वतःच करणार का?" मावशीनं चाचरत विचारलं. "की दुसऱ्या कुणाला सांगायचं? स्वतःच्या लेकीची करायची म्हणजे..."

"काय करायची?"

"पेटी."

मास्तरीणबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग लाल डोळ्यांकडे, मग खिडकीबाहेर चर्चच्या दिशेला. घंटा कुणाची होती ते त्यांना कळलं, निरोपाचं काय झालं तेही कळलं. आणि मग सकाळी चुलीशी उभं राहून आपण काय बोललो ते आठवलं. ते बोलणं ऐकून गेलेल्या माणसाला हा निरोप पोचला होता. घंटा होऊन एवढा वेळ झाला आणि तो घरी आला नव्हता.

पायात येईल ती चप्पल अडकवून त्या निघाल्या. जाताना त्यांनी तिघींना बजावलं की पोरीला हात लावायचा नाही, तोंड झाकायचं नाही, फुलं ठेवायची नाहीत आणि गाणं तर अजिबात म्हणायचं नाही.

कारखाना गल्लीच्या टोकाला, लाकडाच्या वखारीमागे. एरवी सरळ रस्ता. पण त्या दिवशी दर चार पावलांवर कुणीतरी हात धरायला उभं. औषधाच्या दुकानदारानं तर काउंटरवरून बाहेर येऊन त्यांचा रस्ताच अडवला आणि डोळे पुसले.

"निजलीय हो ती," मास्तरीणबाई धापा टाकत म्हणाल्या.

"कळलं मला."

"नाही, खरंच निजलीय. जिवंत आहे ती."

"सदैव जिवंत आहे," दुकानदार म्हणाला. "प्रभूमध्ये."

"अहो, संध्याकाळी उठेल."

"उठेल. सगळेच उठू."

मास्तरीणबाई जो शब्द काढतील तो आधीच चर्चनं घेऊन ठेवलेला. निजली म्हणावं तरी तेच, उठेल म्हणावं तरी तेच, घरी आहे म्हटलं असतं तर तेसुद्धा यांनी स्वर्गातलंच घर धरलं असतं. दुकानदारानं मागे कुणालातरी सांगितलेलं त्यांनी ऐकलं, की दुःखानं बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय, कुणीतरी बरोबर जा. त्या तोवर पुढे निघून गेल्या होत्या.

कारखान्याचं दार उघडं होतं. मास्तर पाठमोरे उभे होते. सगळ्या फळ्या त्यांनी घडवंचीवरून उतरवल्या होत्या आणि एकेक करून भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. हातात पट्टी नव्हती, पेन्सिल नव्हती. रंधा जमिनीवर पडला होता. ज्या माणसानं आयुष्यात कधी हत्यार खाली टाकलं नाही, त्याचा रंधा भुशात उलटा पडला होता.

"एकही फळी धड नाही," ते वळून न बघता म्हणाले. आवाज शांत होता. "ही गाठीची. ही ओली आहे, वाकेल. हिला वास येतो. ती चांगली होती, पण ती... तिला आतून नीट होणार नाही."

"अहो."

"दुसऱ्यांना मी असल्याच फळ्यांच्या करून देत आलो. कसा काय देत आलो, कळत नाही."

"अहो, ऐका. ठकी निजलीय."

"हो. काका सांगून गेले."

"तसं नाही. निजली म्हणजे निजली."

"माहीत आहे गं मला निजली म्हणजे काय ते," मास्तर म्हणाले, आणि तेव्हा कुठे त्यांचा आवाज फाटला.

मास्तरीणबाईंनी त्यांना दंडाला धरून वळवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या नवऱ्याचा चेहरा असा रिकामा त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांनी डोकं खाजवलं. चर्चनं न घेतलेला एखादा शब्द शिल्लक असेल का, म्हणून मनातल्या मनात शोधलं. आणि त्यांना सापडला.

"घोरतेय ती," त्या म्हणाल्या.

मास्तर बघत राहिले.

"घोरतेय. तुमच्यासारखी. तोंड उघडं टाकून. भिंती हलवतेय."

"घोरतेय?"

"ताप उतरला. घामानं न्हाली. मी कपडे बदलले तरी जाग नाही. घोरतेय हो, पेटीमास्तर."

मास्तर जिथे होते तिथेच भुशात बसले. आधी त्यांच्या खांद्यांना हिसका बसला, मग ते हसायला लागले, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते दोघांनाही कळलं नाही. मास्तरीणबाईही त्यांच्या शेजारी बसल्या. त्यांच्या मागून धीर द्यायला आलेला औषधाच्या दुकानातला माणूस दारातून आत डोकावला, आणि दोघं नवराबायको भुशात बसून हसताना बघून घाबरून परत गेला.

हसू-रडू ओसरल्यावर मास्तरीणबाई म्हणाल्या, "सकाळी मी जे बोलले ना..."

"तेच करायला उभा होतो. तू सांगितलंस म्हणून. तोंड दाखवायला येववेना." मास्तरांनी बाहीनं नाक पुसलं. "विश्वास जागेवर होता गं. ती प्रभूकडेच असणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण हात ऐकेनात."

घरी येऊन ते खाटेशी उभे राहिले. ठकीनं तोवर पुन्हा कूस बदलली होती आणि जोरात सूर लावला होता. गायनमंडळाच्या तिघी भिंतीशी ओळीनं बसून, तोंडावर रुमाल दाबून, आळीपाळीनं हसत आणि रडत होत्या. मास्तर खूप वेळ ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "सुरात आहे."

घड्याळकाकांची अवस्था सगळ्यात वाईट. दुःखाची घंटा दिली होती, ती परत कशी घ्यायची हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तशी घंटाच नाही. शेवटी त्यांनी भर आठवड्यात रविवारची घंटा जोरजोरात वाजवली, आणि ज्यांना काहीच माहीत नव्हतं ते लोक चांगले कपडे घालून उपासनेला हजर झाले. पाळक परत आल्यावर त्यांनी सगळं ऐकून घेतलं. काका मान खाली घालून उभे होते. पाळक म्हणाले, की बायबलात, मेली म्हणून सगळे जिच्यासाठी रडत होते त्या लहान मुलीच्या घरी प्रभूनं सांगितलं होतं की ती फक्त निजली आहे, तेव्हा तिथले लोक त्याला हसले. आपल्याला तेच सांगितलं तर आपण रडलो. दोन्ही वेळा ऐकणाऱ्यांचीच चूक, घंटेची नाही.

मास्तरांमध्ये मात्र त्या दिवसानंतर एक फरक पडला. वॉर्डातल्या त्या माणसाची पेटी त्यांनी दुसऱ्या दिवशी पूर्ण केली, आणि ती पोचवायला गेले तेव्हा त्याच्या म्हाताऱ्या बायकोला ते 'निजलाय तो, उठेल' असं म्हणाले नाहीत. तिच्याशेजारी बसले, तिचा हात हातात घेतला आणि गप्प राहिले. खूप वेळानं तिनंच विचारलं, "उठेल ना हो?" तेव्हा ते हो म्हणाले. पूर्वी हे उत्तर विचारण्याआधीच मिळायचं. आता ते विचारल्यावरच देत.

ठकी त्याच दिवशी संध्याकाळी जागी झाली. डोळे स्वच्छ. आईनं भरवलेलं थोडंसं दूध घेतलं आणि क्षीण आवाजात पहिलं वाक्य बोलली ते असं:

"खिडकीजवळचे आजोबा कसे आहेत?"

मास्तरीणबाईंचा पारा चढला. त्या म्हणाल्या, की कोण आजोबा, आधी स्वतःकडे बघ. ठकीनं सांगितलं की त्यांचं कुणीच नाही, ते दुसऱ्या कुणाच्या हातून खात नाहीत, हट्टी आहेत. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी विचारलं नाही, नुसती खिडकीकडे बघत पडून राहिली, आणि ते मास्तरीणबाईंना जास्त जड गेलं. निदान आजोबा आहेत की नाहीत ते विचारून येऊ, म्हणजे हिचा जीव थाऱ्यावर येईल, असं स्वतःशी म्हणत त्या दुपारी निघाल्या. मास्तरांना काही सांगितलं नाही.

इस्पितळाच्या त्या वॉर्डाच्या दारापर्यंत त्या कधी आल्या नव्हत्या. मुख्य सिस्टरनं ठकीची आई म्हटल्यावर त्यांना आत नेलं, कोपरापर्यंत हात कसे धुवायचे ते शिकवलं आणि म्हणाली की आजोबा आहेत, पण ठकी घरी गेल्यापासून नीट खाल्लेलं नाही. खिडकीजवळ एक वाळून काटकी झालेला म्हातारा उशीला टेकून बसला होता. समोरचा वाडगा तसाच.

"ती कुठे आहे?" त्यानं विचारलं.

"घरी. बरी होतेय. मी तिची आई."

म्हाताऱ्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तोंड उघडलं. मास्तरीणबाई गोंधळल्या. मग खुर्ची ओढून बसल्या आणि चमचा भरला. म्हाताऱ्यानं पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"गरम आहे. ती फुंकर घालून देते."

मास्तरीणबाईंनी चमच्यावर फुंकर घातली. मग दुसऱ्या चमच्यावर. वाडगा रिकामा व्हायला बराच वेळ लागला, कारण म्हातारा मधेमधे बोलायला थांबे. ठकीबद्दलच बोले. ती किती हसते, खाट बदलताना कशी गाणं म्हणते, बेसूर नाही पण मोठ्यांदा म्हणते. हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. इतके दिवस वॉर्ड म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर नुसता ताप यायचा. आपली पोर इथे एवढी हसत असेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

घरी परतायला उशीर झाला. मास्तर दारातच होते. कुठे होतीस म्हणून त्यांनी विचारलं. मास्तरीणबाई आत जाऊन कोपरापर्यंत साबण लावत म्हणाल्या, "त्या आजोबांना गरम चालत नाही. घरून करून न्यायचं तर निववून न्यायला हवं."

"न्यायचं? म्हणजे उद्या परत?"

"मग? ठकी परत कामावर जाईपर्यंत त्यांना कुणी भरवायचं?"

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं की आपण काय म्हणालो. मास्तरांनाही कळलं. आतल्या खोलीत खाट जराशी करकरली, म्हणजे तिथेही कळलं असावं. पण मास्तर इतकी वर्षं त्या घरात राहिलेले होते. फळीवरून झाकणाचा छोटा डबा काढून त्यांनी पुढे केला, आणि मास्तरीणबाईंनी तो हातात घेऊन झाकण घट्ट बसतं का ते बघितलं.